अमेरिकेतल्या शाळेच्या प्रतिज्ञेत देव कसा आला, आणि माझ्या मुलीला ती म्हणावीच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे ऑगस्टमध्ये डॅलसला येताय, मुलगी दुसरीत जाईल. तिथल्या शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणतात आणि तिच्यात देवाचा उल्लेख आहे, हे कुणीतरी सांगितलं. धर्म आणि सरकार वेगळं ठेवणाऱ्या देशात हे कसं चालतं, आणि मुलीला ते म्हणणं सक्तीचं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं टेक्सासात आहे. माझी मुलगी आता आठवीत आहे, पण हा प्रश्न आमच्या घरात ती चौथीत असताना आला, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एवढं सांगते की सक्ती करता येत नाही. पण कागदावर सक्ती नसणं आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती न जाणवणं यात बरंच अंतर आहे.

टेक्सासात प्रतिज्ञा एक नाही, दोन आहेत. आधी अमेरिकेच्या झेंड्याची, मग टेक्सासच्या झेंड्याची, आणि त्यानंतर एक मिनिट शांतता. पहिलीत 'वन नेशन, अंडर गॉड, इंडिव्हिजिबल' असे शब्द आहेत, म्हणजे देवाच्या छत्राखालचं एक, अविभाज्य राष्ट्र. टेक्सासच्या प्रतिज्ञेत देव नव्हता, तो 2007 मध्ये विधिमंडळाने घातला. आपल्याकडच्या परिपाठासारखंच सगळं. स्पीकरवरून आवाज येतो, मुलं उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवतात.

मूळ प्रतिज्ञेत देव नव्हताच. ती 1892 मध्ये फ्रान्सिस बेलमी यांनी लिहिली. कोलंबस अमेरिकेत पोचल्याला चारशे वर्षं होत होती, त्या निमित्ताने शाळाशाळांतून झेंडावंदन करायचं ठरलं आणि एका मुलांच्या साप्ताहिकात ती छापून आली. बेलमी बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, प्रवचनं देणारा माणूस. त्यांना देवाचं नाव सुचलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी लिहिलं ते फक्त एक अविभाज्य राष्ट्र, आणि सर्वांना स्वातंत्र्य व न्याय. यादवी युद्ध संपून तीसच वर्षं होत होती, 'अविभाज्य' हा शब्द लोकांना आतून कळत होता. 'एक राष्ट्र' आणि 'अविभाज्य' हे शब्द त्यांनी शेजारी ठेवले होते. पुढे 'अंडर गॉड' नेमकं त्या दोघांच्या मध्ये बसवलं. माझ्या कानाला तो सांधा आजही जाणवतो.

हे घडलं 1954 मध्ये. सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं, आणि तिकडे ईश्वर न मानणारं सरकार आहे म्हणून आपण ईश्वर मानणारे आहोत हे दाखवण्याची घाई इकडे झाली होती. नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक संघटना 1951 पासून आपल्या सभांत हे दोन शब्द घालून प्रतिज्ञा म्हणत होती. मिशिगनचे खासदार लुई रॅबॉट यांनी 1953 मध्ये तसा ठराव मांडला, पण गाडी हलली ती एका प्रवचनाने. 7 फेब्रुवारी 1954 ला वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जॉर्ज डॉखर्टी बोलत होते आणि समोर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर बसले होते. डॉखर्टींचं म्हणणं असं की देवाचा उल्लेख नसेल तर हीच प्रतिज्ञा मॉस्कोतली मुलं विळा-हातोड्याच्या झेंड्यासमोरही म्हणू शकतील. चार महिन्यांत कायदा झाला. 14 जून, म्हणजे त्यांचा ध्वजदिन, त्या दिवशी आयझेनहॉवर यांनी सही केली आणि सोबतच्या निवेदनात सांगितलं की यापुढे लाखो शाळकरी मुलं आपलं राष्ट्र सर्वशक्तिमान ईश्वराला वाहिलेलं असल्याचं रोज जाहीर करतील. शब्द घालणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यात स्वच्छ आहे.

आता तुम्ही विचारलेल्या धर्म आणि सरकार वेगळं ठेवण्याबद्दल. त्याला इथे 'भिंत' म्हणतात. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत 'भिंत' हा शब्द नाही. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कुणाच्या धर्माचरणाला आडकाठी करू नये, एवढंच तिथे आहे. चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत हे शब्द राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी 1802 मध्ये डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातले. हे बाप्टिस्ट नास्तिक नव्हते, अतिशय श्रद्धाळू होते. त्यांच्या कनेटिकटमध्ये दुसऱ्या ख्रिस्ती पंथाला सरकारी आश्रय होता आणि त्या ओझ्याखाली ते दबले होते. भिंत हवी होती ती त्यांना, आपली भक्ती सांभाळायला.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण या भांडणाकडे आपण पटकन 'देव मानणारे विरुद्ध न मानणारे' असं बघतो. मीही बघत होते. आमच्या घरी देवघर आहे, संध्याकाळी दिवा लागतो, भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती बसतो. सुरुवातीला मला वाटायचं, देवाचंच नाव आहे ना, मग बिघडलं कुठे? कुठल्या देवाचं ते आपण मनात ठरवावं.

चौथीत असताना मुलीने विचारलं, "आई, तो गॉड म्हणजे आपला बाप्पा की एमिलीच्या चर्चमधला?" मी म्हटलं, तुला वाटेल तो. ती म्हणाली, "पण मग सगळे एकच कसं म्हणतात?" काही दिवसांनी तिने स्वतःच ठरवलं आणि ते दोन शब्द गाळायला लागली. बाकी सगळं म्हणायची. एकदा बदलीवर आलेल्या बाईंनी ते पाहिलं आणि वर्गासमोर तिला पूर्ण प्रतिज्ञा पुन्हा म्हणायला लावली. तिने म्हटली. घरी आल्यावर मधल्या सुट्टीतलं सांगून रडली. मुलं विचारत होती, तुला अमेरिका आवडत नाही का? कायदा तिच्या बाजूने होता, पण त्या वर्गात तिच्या बाजूने कुणी नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला बसले. 1935 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या एका बहीण-भावाने झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. बहीण बारा वर्षांची, भाऊ दहाचा. तेव्हा प्रतिज्ञेत देव नव्हता, पण झेंड्याला वंदन करणं हीच मूर्तिपूजा, असा त्यांचा विश्वास. शाळेने दोघांना काढलं. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली आणि देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले सुरू झाले. मेन राज्यात केनेबंक इथे त्यांचं सभागृह जाळलं गेलं. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल उलटवला. ऐन महायुद्ध चालू असताना न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत योग्य मत कोणतं हे ठरवण्याचा आणि नागरिकाला ते बोलून दाखवायला लावण्याचा अधिकार लहानमोठ्या कोणत्याच अधिकाऱ्याला नाही. तुमच्या मुलीचा गप्प राहण्याचा हक्क या निकालातून आला आहे. 1954 च्या दुरुस्तीने तो गेला नाही.

शब्द काढून टाकण्याचा मोठा प्रयत्न मायकेल न्यूडाऊ यांनी केला. ते नास्तिक, मुलगी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या शाळेत. 2002 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि सिनेटने 99 विरुद्ध शून्य मतांनी त्या निकालाचा निषेध केला. पुढे 2004 मध्ये, पुन्हा 14 जूनलाच, सर्वोच्च न्यायालयाने मूळ मुद्द्याला हात न घालता निकाल फिरवला. मुलीबद्दलचे अंतिम निर्णय कायद्याने आईकडे आहेत, तेव्हा वडिलांना तिच्या वतीने दावा लावता येत नाही, असं कारण दिलं. 2010 मध्ये त्याच अपील न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने शब्द वैध ठरवले. आज कायदा तिथेच उभा आहे.

2004 च्या प्रकरणात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी वेगळं मत लिहिलं, ते वाचून मी थबकले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे शब्द म्हणजे प्रार्थना नाही, उपासना नाही, समारंभाला गांभीर्य आणणारा जुना संकेत आहे, म्हणून घटनेला बाध येत नाही. म्हणजे प्रतिज्ञेतला देव वाचवायचा तर त्याच्यातलं देवपण काढून घ्यावं लागतं. रोज हात जोडणारी बाई म्हणून मला हे सहन होत नाही. ज्या नावाने माझ्या आजीने शेवटचा श्वास घेतला, ते नाव 'समारंभाचा संकेत' म्हणून मुलांनी रोज सकाळी पुटपुटावं? खरंच देवाला हाक मारायची असेल तर ते सरकारचं काम नाही, आणि हाक मारायची नसेल तर त्याचं नाव घेऊ नये.

आपल्या घटनासमितीतही हा प्रश्न आला होता. 17 ऑक्टोबर 1949 ला एच. व्ही. कामत यांनी सुचवलं की प्रास्ताविकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कळवळून विनंती केली की देवावर मत देण्याची वेळ आमच्यावर आणू नका. तरी मतदान झालं आणि सूचना 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. त्या सभागृहात श्रद्धाळू माणसं काही कमी नव्हती. मंत्र्यांच्या शपथेत 'ईश्वरसाक्ष' म्हणायचं की 'गांभीर्यपूर्वक' हे घेणाऱ्यावर सोडलं. आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा आठवून बघा. तिच्यात बांधव आहेत, पालक आहेत, गुरुजन आहेत, देव कुठेही नाही, आणि सातारच्या शाळेत ती म्हणताना माझ्या अंगावर काटा येण्यात त्यामुळे काही कमी पडलं नाही.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. तीही यहोवाच्या साक्षीदारांचीच मुलं, आदराने उभी राहत पण गात नसत. 1986 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालात अमेरिकेच्या बार्नेट खटल्याचा आधार घेतला आहे. नाशिकच्या एका शिक्षकांची वरची वेतनश्रेणी परिपाठात हात जोडत नाहीत म्हणून अडवली, ती 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयामुळे सुटली.

आता तुम्ही काय करायचं ते. टेक्सासच्या कायद्यानुसार पालकांनी लेखी कळवलं की शाळेला मुलीला प्रतिज्ञेतून सूट द्यावीच लागते. दोन्ही प्रतिज्ञांचा उल्लेख करा. कारण द्यायची गरज नाही. पत्र वर्गशिक्षिकेला आणि शाळेच्या ऑफिसला, दोन्हीकडे द्या, आणि बदली शिक्षकांसाठीच्या फाइलमध्ये त्याची प्रत ठेवायला सांगा. आमचं नेमकं तिथेच राहून गेलं होतं. एक मिनिटाची शांतता वेगळी आहे, तेव्हा तिने फक्त गप्प बसायचं असतं, मनात काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

पण पत्राच्या आधी मुलीशी बोला. तिला म्हणायची असेल तर म्हणू द्या, नव्या वर्गात सगळ्यांसारखं असावंसं वाटणं हीही त्या वयाची खरी गरज आहे. दोन शब्द गाळायचे असतील तरी चालेल. माझी मुलगी आता उभी राहते, हात छातीवर ठेवते, आणि 'वन नेशन, इंडिव्हिजिबल' असं बेलमींनी लिहिलं तसंच म्हणते. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने मध्यंतरी विचारलं की मधले शब्द का गाळतेस. ती म्हणाली, "मी ते घरी म्हणते, संध्याकाळी."