आबा देव मानत नाहीत, तरी आरतीला का उभे राहतात?

चि. सानिका हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या विद्यापीठातल्या मित्रमैत्रिणींत आस्तिक, नास्तिक की अज्ञेयवादी असा वाद रंगला, प्रत्येकाने आपली बाजू जाहीर करायची असे ठरले, आणि तू कोल्हापूरच्या आबांचे उदाहरण दिलेस तेव्हा सगळे तुझ्यावर तुटून पडले. देव नाही असे उघड सांगणारा माणूस गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवत उभा राहतो, हा दांभिकपणा नव्हे तर काय, असे त्यांचे म्हणणे. आपल्या लोकांत हे चालते कसे, आणि आबांना नक्की कोणत्या रकान्यात बसवायचे, असे तू विचारले आहेस.

तुझे मित्र असे का विचारतात हे मला समजते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ या पर्यायावर खूण केली, त्यामुळे श्रद्धा म्हणजे एका रकान्यातली खूण असे तिथे वाढलेल्या मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. पण अज्ञेयवाद म्हणजे दोन्ही बाजूंना न दुखवता काठावर बसणे, हा तुमच्या वादातला समज मात्र मुळातच चुकीचा आहे. देव आहे असे वाटते की नाही हा श्रद्धेचा प्रश्न, तर ते माणसाला जाणता येईल का हा ज्ञानाचा प्रश्न. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांनी १८६९मध्ये ही संज्ञा रूढ केली ती या दुसऱ्या प्रश्नासाठी. ‘जाणता येत नाही’ असे प्रामाणिकपणे मानणारा माणूस म्हणूनच पूजा करणारा असू शकतो आणि न करणाराही. आपल्याकडचे गोपाळ गणेश आगरकर उघड अज्ञेयवादी होते, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. काठावर बसलेल्या माणसासाठी एवढे कष्ट कोणी घेत नाही.

आता कोल्हापूरविषयी. आमच्या गावात देव आहे की नाही यावर फारसे कोणी भांडलेले नाही. भांडण झाले ते देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाचा यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहिताने वरच्या वर्णांसाठी राखलेल्या वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले, कारण त्याच्या मते छत्रपती झाले तरी ते शूद्रच. त्या प्रकरणाने संस्थान ढवळून निघाले, राजोपाध्यांचे वतन गेले, १९११मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि १९२०मध्ये महाराजांनी मराठा समाजासाठी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले. यात कुठेही नास्तिकता नाही. सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले स्वतः ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते. त्यांना नको होता तो निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहून दक्षिणा घेणारा मध्यस्थ. आबांचे वडील याच वातावरणात वाढले, आणि आबांचा नास्तिकपणाही त्याच मातीतला आहे.

तू लहान असताना आबा तुला अंबाबाईच्या किरणोत्सवाला घेऊन गेले होते, ते तुला कदाचित आठवत नसेल. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि ९, १० व ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून पुढे सरकतात आणि ढग किंवा धुके आडवे आले नाही तर पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत पुन्हा तेच घडते. ‘किरणं कमरेपर्यंत आली’ अशी कुजबुज गर्दीतून मागे मागे येत असते, बायका हात जोडतात, आणि त्याच गर्दीत उभे राहून आबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत असतात की हे दोन्ही मुहूर्त २१ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून सूर्य दोन्ही वेळी क्षितिजावर एकाच जागी, पश्चिमेच्या सुमारे अठरा अंश दक्षिणेला मावळतो. ऐकणारा ‘व्हय की’ म्हणतो आणि पुन्हा देवीकडे बघतो. तो आबांना नास्तिक म्हणून हटकत नाही, आणि आबाही त्याला अडाणी समजत नाहीत. आरतीचेही तसेच आहे. पेठेतल्या तालमीच्या गणपतीला उभे राहणे म्हणजे गल्लीबरोबर उभे राहणे. आमच्याकडे तर काही तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच छताखाली बसलेले आहेत. आबा नवस बोलत नाहीत, मुहूर्त बघत नाहीत, आणि घरची मूर्ती नदीत न सोडता काहिलीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या कढईत, विसर्जित करतात.

यावरून आमच्याकडे सगळे गोडीगुलाबीने चालते असे मात्र समजू नकोस. देवाला विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी भूमिका मांडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर आपल्याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ निघू लागला. तुमच्या वादात हरणाऱ्याला फार तर चिडवले जाते. हा फरक तुझ्या मित्रांना सांगायला हरकत नाही.

मला स्वतःला देवाचे अस्तित्व जाणता येईल असे वाटत नाही, आणि त्यावाचून माझे अडतही नाही. पण आबांचे सगळेच मला पटते असे नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद केल्या. त्या ठरावासाठी हात वर करणाऱ्यांत देव मानणारेच बहुसंख्य असणार. आणि आपल्या घरात, तुझ्या आत्याआजींचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या बांगड्या फोडल्या जात असताना, उभ्या आयुष्यात देव न मानलेले आबा ओसरीवर गप्प बसून होते. दांभिकपणा हा शब्द वापरायचाच असेल तर तो मी आरतीला लावणार नाही, त्या गप्प बसण्याला लावेन.

रविवारी त्यांना फोन करशील तेव्हा आरतीचे विचारू नकोस, हे विचार. ते आधी चिडतील, ‘आईनं सांगितलं व्हय?’ असे म्हणतील, पण उत्तर देतील.

तुझी,
आई