गावाकडच्या बाईच्या चित्रात मान आणि हात एवढे लांब का काढतात? चित्रकाराला शरीररचना जमत नाही का? असं एखादं चित्र घरात लावायला घ्यावं का?

जमते, आणि चांगल्या चित्रकारांना तर उत्तम जमते. जामिनी रॉय कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलेले. हुबेहूब व्यक्तिचित्रं काढणारा हा माणूस पुढे बंगालच्या पटचित्रांकडे, म्हणजे तिथल्या लोकचित्रांच्या शैलीकडे वळला. त्यांच्या बायांचे बदामी डोळे आणि ती जाड, ठाम रेषा हा विचार करून घेतलेला निर्णय होता.

लांब मानेचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चित्रकार बी. प्रभा (१९३३–२००१). नागपूरजवळच्या बेला गावात जन्म, शिक्षण नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांनी रंगवलेल्या कोळणी जरा वेळ देऊन पाहा. अंग सडपातळ, मान लांब, डोकं लहान, नजर बरेचदा खाली. मागे फारसा पसारा नाही, चित्रभर एकाच रंगाचा अंमल. आपली नजर मानेवरून वर सरकत चेहऱ्यापर्यंत जाते, पण तिथे रडणं-हसणं असं काही ठळक सापडत नाही. मग ती परत खाली येते, खांद्यांच्या उतारावर, सैल पडलेल्या हातांवर. बाईचा थकवा, तिचं एकटेपण तिथे कळतं. मान मापात काढली असती तर नजर चेहऱ्यावरच अडकली असती, असं मला वाटतं.

पण शैली म्हणजे लांब मानच, असं नाही. तेलंगणाचे थोटा वैकुंठम (जन्म १९४२) यांच्या बाया सावळ्या, भरदार. ठसठशीत कुंकू, अंगभर दागिने, लाल-केशरी-पिवळ्या भडक साड्या. तिथे दु:ख नाही, रुबाब आहे. मला दोन्ही प्रिय आहेत, तरी मनात घर करतात त्या प्रभाबाईंच्याच.

आता घेण्याबद्दल. बाजारात या शैलीच्या नकला भरपूर आहेत: मिटलेले डोळे, भलीमोठी नथ, डोक्यावर घडा. पाण्याला निघालेली बाई सणासुदीची मोत्यांची नथ घालून कशाला जाईल? असं चित्र मी घेणार नाही. लुगडंही नीट बघा. नऊवारीचा काष्टा मागे खोचलेला असतो, त्यामुळे पाय मोकळे राहतात आणि बाईला उकिडवं बसता येतं, वाकता येतं. चित्रकाराने हे पाहिलेलं असेल तर दोन रेषांतही ते उतरतं. न पाहिलेला चित्रकार सहावारीच्या निऱ्या काढून वर जरीचे काठ चिकटवतो.

आणि ओझं. भरलेली कळशी कमरेवर घेतली की अंग दुसऱ्या बाजूला कलतं, मोकळा हात तोल सांभाळायला बाहेर येतो. मान कितीही लांब असू दे, हा कल चित्रात दिसत असेल आणि रंग तुम्हाला आवडले असतील, तर चित्र खुशाल घ्या.