आधी तिचं माहेरचं नाव लिही

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. फोंड्याच्या जुन्या घरातल्या दोन खोल्यांत गोव्यातल्या बायकांचं संग्रहालय उभं करायचं ठरवलंस, हे वाचून मी पत्र हातात धरून कितीतरी वेळ बसून होते. काचेची कपाटं कुठून घ्यावीत, असं विचारलंयस. कपाटांची घाई नाही. आधी एक जाड, शिवलेली नोंदवही घे.

त्या वहीतला पहिला रकाना मी माझ्याच चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावच्या प्रदर्शनात मी न्हाणीतलं तांब्याचं भाण मांडलं होतं. खाली चिठ्ठीवर देणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव लिहिलं, पुढे ‘यांच्या सौजन्याने’. ती बाई आली. चिठ्ठी वाचली, भाणाच्या काठावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “हें म्हजे आवयन दिल्लें. ह्या घरचें न्हय.” रात्री चिठ्ठी बदलायला बसले, तर तिच्या आईचं नावच मला ठाऊक नव्हतं. सकाळी विचारायला गेले. तिने आईचं सासरचं नाव सांगितलं. माहेरचं तिलाही आठवेना.

आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावही बदलायचं. कागदावर एका बाईच्या दोन बाया होतात आणि त्यातली पहिली लग्नाच्या दिवशी संपते. म्हणून रकाने असे आख: माहेरचं नाव, सासरचं नाव, गावात हाक मारत ते नाव. मग वस्तू, कोणी दिली, कधी, कायमची दिली की ठेवायला दिली. आणि तिची सही. अंगठा असेल तर अंगठा.

नाव सापडत नसेल तर घरातली जुनी खरेदीखतं मागून बघ. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे 1870 पासून लागू झाला. त्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाई आणि स्थावर विकायला बायकोची संमती लागे. त्यामुळे वंशावळीत जिचा पत्ता नाही, ती बाई जमिनीच्या कागदावर भेटते. मला हे कागद दागिन्यांहून मोलाचे वाटतात.

मोठी नावं तू घेशीलच. केरीच्या गायिका केसरबाई केरकर, ज्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर. दोघींच्या नावात गाव आहे, हे मुलांना दाखव. पण देवळांत गाण्या-नाचाची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांकडे जाताना पाय जपून टाक. त्या आज्यांनी गाणं राखलं आणि त्यासाठी अपमानही सोसला. त्यांच्या नातींनी ‘हा फोटो लावू नका’ म्हटलं, तर लावायचा नाही, कितीही सुंदर असो. घुंगरांखाली काय लिहायचं ते त्या घरानेच ठरवावं. ह्या बाबतीत मी तुला जराही सूट देणार नाही.

मुक्तिलढ्याचंही असंच. 1955 मध्ये म्हापशाच्या सत्याग्रहात सुधाबाई जोशी पुढे होत्या. लिबिया लोबो सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या रानातून भूमिगत रेडिओ चालवला आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी विमानातून ध्वनिवर्धकावर सांगितली. त्यांची नावं इतिहासात आहेत. भूमिगतांसाठी रात्री पेज शिजवणाऱ्या बाईचं नाव तिच्या नातवंडांकडूनच कळेल, आणि ती नातवंडंही आता साठीला आली आहेत.

जपणुकीचं थोडक्यात सांगते. आपला शत्रू आषाढ-श्रावणातली ओल. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, आत बुरशी धरते. खळ धुऊन काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळ. दर काही महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या रेषेवर मोड, नाहीतर जरीचे धागे तिथेच तुटतात. तांबं-पितळ चिंचेने लखलखीत करू नकोस. त्यावरची काजळी हाच त्या बाईच्या चुलीचा पुरावा. फोटोमागे शाईने नाही, मऊ पेन्सिलीने लिही. कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही.

आणि कुणबी बायकांचं तांबडं चौकड्याचं कापड ठेवशील तेव्हा ते नुसतं टांगू नकोस. खांद्यावर गाठ मारून, गुडघ्यापर्यंत आखूड का नेसायचं, हे शेतात चिखलणी केलेल्या बाईकडून ऐक. तिचा आवाज कापडाशेजारी असायला हवा. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आधी तारीख, गाव आणि तिचं नाव तिच्याच तोंडून घे. धालोची, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाचाची, गाणी खोलीत बसवून म्हणायला लावू नकोस. पौषात मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या जागी, जा, पहिल्या रात्री नुसती बस, यंत्र पिशवीतच राहू दे. दुसऱ्या रात्री विचार. नाही म्हणाल्या तर गाणी ऐकून घरी ये.

साळावलीच्या धरणात बुडालेलं कुर्डी मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. गावची माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. यंदा आपण दोघी जाऊ. तिथे म्हाताऱ्या बाया चिखल सुकलेल्या जोत्यावर उभ्या राहून चूल कुठे होती, विहिरीची वाट कुठली, शेजारीण कोण, हे बोटाने दाखवतात. वही घेऊन ये. दोन पेन्सिली घे, तिथे सावली नाही आणि टोक करायला वेळ मिळत नाही.

तुझी,
मावशी