दुर्बीण स्वस्त असू दे, पण गच्च बसू दे

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, तेव्हापासून आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात रायफलची विचारपूस फार वाढली आहे. स्कोपबद्दल, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

मुलगी बारा वर्षांची आहे, दहा मीटर एअर रायफल शिकते. तिच्यासाठी परवडणारा स्कोप कोणता घ्यावा? (एक पालक, कागल)

कोणताच घेऊ नका. १० मीटर आणि ५० मीटर या दोन्ही ऑलिम्पिक रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साईट असते. डोळ्याजवळच्या बारीक भोकातून बघायचं आणि नळीच्या टोकावरच्या कडीत टार्गेटचा काळा गोल मधोमध बसवायचा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून नेम धरायचा प्रकार) जगज्जेत्या झाल्या, त्याही अशाच साईटवर. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि मुलं तो काचेशिवाय गाठतात. बाजूला ठेवलेले पैसे जॅकेट, ग्लोव्ह आणि चांगल्या छऱ्यांवर घाला. एकदा डोळेही तपासून घ्या. नंबर असेल तर चष्मा लावून खेळता येतं.

माझ्याकडे नळी मोडून भरायची .१७७ एअरगन आहे. घरामागच्या परड्यात पंधरा-वीस मीटरवर नेम धरतो. दुकानदार २४ पट मोठं दाखवणारा स्कोप स्वस्तात देतोय. घेऊ का? (गारगोटी)

नका घेऊ. पंधरा-वीस मीटरवर ४ पट पुरतं, ९ पट म्हणजे चैन. समोरच्या काचेचा व्यास भागिले पट, तेवढा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. ४×३२ मध्ये (४ पट, ३२ मिलिमीटरची काच) तो ८ मिलिमीटर असतो, ३-९×४० ला नऊ पटीवर नेलं की साडेचार. स्वस्तातल्या २४ पटीच्या दुर्बिणीत संध्याकाळी अंधारच दिसेल. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि माणूस घाबरून घोडा ओढतो.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे. स्प्रिंगची एअरगन आधी मागे धक्का देते आणि पिस्टन आपटला की पुढे झटका मारते. मोठ्या रायफलचे बरेच स्कोप फक्त मागचा धक्का सोसतील असे बांधलेले असतात. पुढच्या झटक्याने आतल्या भिंगांची बैठक सैल होते, आणि आज मारलेला नेम उद्या सापडत नाही. म्हणून खोक्यावर ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्या. समोरची काच फिरवून १० मीटरपर्यंत फोकस करता येत असेल तर फारच उत्तम.

माउंटवर, म्हणजे स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, मात्र कंजूषी करू नका. त्याच झटक्याने स्कोप हळूहळू मागे सरकतो. आपल्याकडच्या एअरगनवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते. त्या मापाचा, खाली अडवणारी पिन असलेला माउंट मागा. कमी बजेटमध्ये साधा ४×३२ आणि दणकट माउंट ही जोडी मला भारी स्कोप आणि पत्र्याच्या माउंटपेक्षा केव्हाही बरी वाटते. परड्यात मारताना मागे मातीचा जाड बांध हवा, हे सांगायला नको.

वरची घुंडी शेवटपर्यंत फिरवली तरी छर्रा खालीच लागतो. स्कोप खराब निघाला का? (राजारामपुरी)

बहुतेक नाही. मोडायच्या बंदुकीत नळी किंचित खाली झुकलेली असते, आणि तो झोल भरून काढता काढता घुंडी संपते. माउंटच्या मागच्या कडीत स्कोपखाली जुन्या फोटो फिल्मची एखादी पट्टी घाला. दोन-तीन थर मात्र नकोत, स्कोपची नळी वाकते. त्याहून जास्त फरक असेल तर उताराचा माउंट मिळतो.

आणखी एक गोष्ट बघा. घुंडीच्या पाव मिनिटाच्या एका टिचकीने (इथे मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, पण १० मीटरवर पाऊण मिलिमीटरचाही नाही. म्हणजे दहा मीटरवर एक सेंटीमीटर वर यायला चौदा टिचक्या लागतात. लोक चार टिचक्या देऊन ‘स्कोप ऐकत नाही’ म्हणतात. आणि दहा मीटरला जुळवलेली बंदूक पाच मीटरवर दीड-दोन सेंटीमीटर खालीच मारणार, कारण काच नळीच्या वर बसलेली असते. तो दोष नव्हे.

पावसाळ्यात आतून काच धुरकट होते. (गगनबावडा)

तुमच्याकडचा पाऊस ठाऊक आहे. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप असेल तर आत धुकं धरत नाही. तुमच्या स्कोपचं सील गेलेलं दिसतं. घरी उघडू नका. नवा घेतलात तर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी काचेवर चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

गवे ऊस तुडवतात. रात्री दिसणारा स्कोप एअरगनवर बसेल का? (आजरा)

नुकसान किती होतं याची मला कल्पना आहे, पण यात मी मदत करणार नाही. गव्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. छऱ्याने तो मरत नाही, जखमी होऊन बिथरतो आणि मग माणसावर येतो. वनखात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करा, पिकाची भरपाई मिळते.

परवान्याची .२२ रायफल आहे. तिला एअरगनचाच स्कोप चालेल का? (शाहूपुरी)

चालेल, .२२ ला धक्का फारच कमी. फक्त काच कोणत्या अंतराला जुळवली आहे ते विचारा. .२२ चे स्कोप साधारण ५० यार्डांना जुळवलेले असतात, मोठ्या रायफलचे १०० ला. दुकानातच तपासता येतं. स्कोप मोकळाच, बंदुकीविना, टेबलावर पुस्तकांमध्ये घट्ट धरून ठेवा आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या एखाद्या अक्षरावर स्कोपमधली नेमाची फुली आणा. मग स्कोपला हात न लावता डोकं जरा डावी-उजवीकडे हलवा. पाटी पन्नास पावलांच्या आसपास असेल आणि फुली अक्षर सोडून पळत असेल, तर दुसरा दाखवायला सांगा.