कोचीचा फ्लॅट आत्ता घ्यावा का?

मुंबईच्या मित्राकडून मराठीत लिहून घेतलेलं तुमचं पत्र मिळालं. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाचे तुम्ही, वय 44, परदेशी मालवाहू जहाजावर एबी (कुशल खलाशी), पगार महिना 1.10 लाख, शिल्लक 22 लाख. मुलं कोचीला हॉस्टेलवर आहेत, म्हणून तिथं 55 लाखांचा फ्लॅट घ्यायचाय. त्यातले 40 लाख कर्ज, 15 वर्षांचं.

माझं उत्तर: आत्ता नको.

पगार साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंतच, म्हणजे जहाजावर रुजू झाल्यापासून उतरेपर्यंत. वर्षातले आठ महिने जहाजावर, म्हणजे 8.80 लाख. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे 39,400, वर्षाचे 4.73 लाख, तो तुम्ही घरी बसलात तरी चुकत नाही. हॉस्टेल धरून घरखर्च 35 हजार, म्हणजे 4.20 लाख. बेरीज 8.93! शिवाय पहिला भरणा 15 लाख आणि केरळात मुद्रांक शुल्क व नोंदणीचे मिळून 10 टक्के, म्हणजे साडेपाच लाख. हाती उरले दीड. पुढचं बोलावणं दोन महिने लांबलं किंवा मेडिकलला रक्तदाबानं अडवलं, की पहिला हप्ता तिथंच थकणार.

त्यापेक्षा पत्नी-मुलांसाठी कोचीत 15 हजारांपर्यंतचं भाड्याचं घर बघा. हॉस्टेल सुटेल ते वेगळंच; ते न धरताही वर्षाला 2.80 लाख मागे पडतात. 6 लाख कधीही मोडता येतील अशा ठेवीत, बाकीचे एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातल्या मुदत ठेवीत. तीन वर्षांनी भरणा वाढवून, कर्ज कमी करून पुन्हा बोलू.

कराचं एक सांभाळा. अनिवासी असेपर्यंत परदेशी जहाजावरचा पगार एनआरई खात्यात आला तरी इथं करपात्र नाही. पण मोजणी एप्रिल ते मार्च, आणि भारतात 182 दिवस भरले की निवासी. एप्रिल ते सप्टेंबर घरीच राहून ऑक्टोबरला चढलात, तर 183 होतात. कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचंच, तरीही! सीडीसीवरच्या, म्हणजे तुमच्या खलाशी नोंदपुस्तकातल्या, चढण्या-उतरण्याच्या तारखा वहीत उतरवत चला.

मिनिकॉयात पुरुष दर्यावर, घर बायकांच्या हाती. मग पैशाची किल्ली तुमच्याकडेच का? एनआरई खात्यातून खर्चाचे पैसे काढण्याचा अधिकार पत्नीला मुखत्यारपत्रानं द्या, नॉमिनी म्हणून तिचं नाव लावा. आधी भारतीय जहाजांवर नोकरी केली असेल, तर 1966 च्या कायद्याचा नाविक भविष्य निर्वाह निधी कापला गेला असेल. पुढच्या वेळी मुंबईत उतरलात की ते खातं तपासून घ्या.