बोगद्यातला धूर कुणाच्या अंगावर जातो?

प्रश्न : बोगद्यातून जाताना छताला टांगलेले मोठाले पंखे दिसतात. आत गाडी पेटली तर ते सगळे जोरात लावले की धूर बाहेर जाईल, एवढं सोपं असतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, तेवढं सोपं नसतं. बोगद्यांतले पंखे बसवण्यात आणि तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. धूर बाहेर पडण्याआधी कुणाच्या अंगावरून जाणार, हे पंखे लावण्याआधी बघावं लागतं.

गरम धूर सुरुवातीला छताला धरून सरकतो. खाली माणसांना निघून जाण्यापुरती हवा काही मिनिटं स्वच्छ राहते. पंखे जोरात सुरू झाले की हा थर ढवळतो आणि धूर रस्त्यापर्यंत उतरतो. उलट वारा कमी पडला, तरी पंचाईत. एका चाचणीत आम्ही ट्रेमध्ये स्पिरिट पेटवून कृत्रिम धूर सोडला होता. वारा आमच्या पाठीकडून आगीकडे वाहत होता, तरी धुराची जीभ छताखालून उलटी आमच्या डोक्यावर आली. वाऱ्याचा वेग वाढवल्यावरच ती मागे हटली. मोठा ट्रक पेटला तर त्यासाठी सेकंदाला साधारण 3 मीटर वेग लागतो.

24 मार्च 1999 ला फ्रान्स-इटलीमधल्या 11.6 किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात मार्गारीन आणि पीठ नेणारा ट्रक पेटला. वाहतूक दुहेरी होती. इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडली जात राहिली आणि धूर फ्रान्सच्या दिशेने, ट्रकमागे अडकलेल्या गाड्यांवर ढकलला गेला. 39 माणसं गेली. आजही त्या आगीचा चौकशी अहवाल आठवला की माझ्या पोटात कालवतं.

एकेरी बोगद्यात वारा वाहतुकीच्या दिशेने ठेवतात : पुढच्या गाड्या निघून जातात, मागच्यांना स्वच्छ हवा मिळते. पण पुढेच कोंडी असेल, तर तोच वारा पुढच्यांच्या जिवावर उठतो. म्हणून तेव्हा आधी पंखे हळू ठेवून माणसं काढतात, मग वेग वाढवतात.

तुम्ही आगीच्या मागे अडकलात, तर गाडी वळवू नका. इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा आणि वारा तोंडावर घेत मागे चालत जा, नाहीतर बाजूच्या बोगद्यात जाणारं जवळचं दार गाठा.