पोलिसांत दिलं तर घर मोडतंय, न्हाई दिलं तर कुणाचा तरी जीव जायचा

दारूच्या प्रश्नावर माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडतात. मारहाण, कर्ज, पोरांची शाळा, सगळं सांगून होतं. मग आवाज खाली येतो आणि वर लिहिलंय तसं काहीतरी विचारलं जातं. शेजारीपाजारी येतात तेही हेच विचारतात, फक्त त्यांची सुरुवात वेगळी असते: "तसं बघितलं तर त्यांच्या घरातली भानगड आहे, पण..."

या प्रश्नाचं उत्तर मला एका कुटुंबाच्या अनुभवातून द्यायचं आहे. लिहायला त्या बाईंची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गळीत हंगाम सुरू झाला की शिवारातून ऊस भरायचा, मागे दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि कारखाना गाठायचा. पैसे खेपेवर. कारखान्याच्या तळावर गाड्यांची रांग लागते, नंबर यायला कधी सगळी रात्र जाते. हिवाळ्यातली उघड्यावरची रात्र, झोपायला जागा नाही. थंडी घालवायला म्हणून तिथे क्वार्टर उघडते. आधी दोघा-तिघांत एक, मग माणशी एक. नंबर लागून गाडी रिकामी होते तेव्हा ड्रायव्हर तर्र असतो आणि पुढची खेप धरायची घाई असते. रिकाम्या ट्रॉल्या खडखडत गावातून जातात, वळणावर मागची ट्रॉली रस्त्याबाहेर झुकते, मागचा लाल दिवा बहुधा नसतोच, रिफ्लेक्टर असला तर धुरळ्याने माखलेला. उसाच्या भागात राहणाऱ्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकल्याची बातमी ऐकली नाही, असा हंगाम त्यांच्या आठवणीत क्वचितच असेल.

या बाई माझ्याकडे आल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याची भरलेली ट्रॉली हायस्कूलच्या वळणावर पलटी झाली होती. शाळा सुटून पोरं घरी पोचली होती, म्हणून निभावलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि मला वाटतं, सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. मालकाने दुसरी ट्रॉली आणली. आळीतल्या पोरांनी ऊस उचलून भरला. दोघांनी ड्रायव्हरला बखोट्याला धरून घरी आणून झोपवलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. बाई मनापासून म्हणाल्या, "गाव लय चांगलं आहे मॅडम, कुणी बोभाटा केला न्हाई."

गाव चांगलं आहेच. पण सकाळी तो माणूस उठला तेव्हा रस्ता साफ होता, ट्रॉली सरळ उभी होती आणि "चाक घसरलं" एवढीच गोष्ट गावात उरली होती. स्वतःच्या दारूने काय केलं हे त्याला दिसायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडे शहाणपण म्हणून शिकवतात. दारूच्या बाबतीत झाकलेल्या मुठीची किंमत रस्त्यावरून चालणारा कुणीतरी तिसराच मोजतो.

नंतर त्या गावात बचत गटाच्या बैठकीला जाण्याचा योग आला. मी दारूचा विषय काढलाच नाही. "दिवस मावळल्यावर तुम्ही कुठून जायचं टाळता?" एवढंच विचारलं. उत्तरं थांबेनात. देशीचं दुकान एसटी स्टँडच्या अंगाला, म्हणून शेवटच्या गाडीने येणाऱ्या कॉलेजच्या मुलीला घ्यायला रोज घरातलं कुणीतरी जातं. कुणी नसेल त्या दिवशी ती कॉलेज बुडवते. दळण उजेडातच आणायचं, कारण गिरणीच्या वाटेवर पारावर बाटल्या घेऊन बसलेले असतात. एक आजी म्हणाल्या, देवळातल्या हरिपाठाला जायचं त्यांनी सोडून दिलं, कुणीतरी मोटारसायकल अंगावर घातली तेव्हापासून. यातली एकही गोष्ट कुठल्या तक्रारीत नव्हती. पोलिसांच्या दप्तरी ते गाव शांत होतं. बायांनी आपल्या वाटा आणि वेळा बदलून ती शांतता राखली होती. घरातली दारू उंबऱ्याच्या आत राहत नाही, हे मला त्या बैठकीत फार स्पष्ट दिसलं. "त्यांच्या घरातली भानगड" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

आता बाईंकडे येऊ. त्या मोटारसायकलची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवत. तो पिऊन आला की किल्लीसाठी घर डोक्यावर घेई, डबे उपडे करी आणि शेवटी मार चुकवायला त्या स्वतःच किल्ली काढून देत. मग तो बाहेर पडला की दारात उभ्या राहून कानोसा घेत. मी त्यांना विचारलं, की गेल्या महिन्यात कुणाच्या जिवाची भीती नक्की कोणत्या वेळी वाटली? त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. तो प्यायलेला असताना गाडीला किल्ली लावतो, ती वेळ.

मग आम्ही आधी त्याच वेळेचं बोललो. तो नशेत असताना "पुन्हा का प्यायलात?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्या वेळी त्याचं उत्तर मिळत नसतं, भांडण मात्र मिळतं. बोलायचं ते सकाळी, शुद्धीवर असताना, आणि नेमकं: काल काय झालं, कोण घाबरलं, काय फुटलं. मोटारसायकलची किल्ली संध्याकाळपासून धाकट्या दिराच्या घरी राहील, म्हणजे हाणामारीचं कारण त्यांच्या हातात नसेल. मुलगी रात्री आजीजवळ झोपेल. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक आणि थोडे पैसे एका पिशवीत शेजारी ठेवायचे. आणि तो पिऊन गाडी काढतोच आहे असं दिसलं किंवा हात उगारला, तर ११२ ला फोन.

इथे त्या थबकल्या. "फोन केला तर त्यास्नी आत टाकतील."

ही भीती खोटी नाही, पण धूसर आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगणं हे समुपदेशनाचंच काम आहे असं मी मानते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं हा गुन्हा आहे, मग ते वाहन ट्रॅक्टर का असेना. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घालणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली वेगळा गुन्हा. हे सांगून मी त्यांना म्हटलं, की गाडी निघण्याआधी अडवली तर बहुधा कोर्टाची पायरी आणि दंड. माणूस चिरडल्यावर अडवली, तर ज्या संसाराला तुम्ही जपताय तो कायमचा गेला, आणि समोरच्याचाही गेला. फोन करणारी बायको नवऱ्याला त्या दुसऱ्या गोष्टीपासून वाचवत असते.

मारहाणीचं उत्तर वेगळं आहे. ती फक्त दारूमुळे होते आणि दारू सुटली की आपोआप थांबेल, असं धरून बसू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. ती वाट मी त्यांना दाखवली आणि त्या चालल्या तर सोबत येईन असं सांगितलं.

सासूबाईंनी मात्र त्यांच्या परीने उपाय सुरू केला होता. बाजारातून कुणीतरी दिलेली पुडी रोज चहात कालवून द्यायची, "त्याला कळू न देता". असल्या पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, आता मोबाइलवरही असतात. कृपा करून हे कुणी करू नका. काही पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगू शकत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, पण ते पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. न सांगता दिलेलं औषध म्हणजे विषप्रयोगाच्या जवळची गोष्ट आहे. सासूबाईंनी ती पुडी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आणून ठेवली.

आणि मग त्याने स्वतःहून दारू सोडली. दिराने एका सकाळी त्याला हायस्कूलच्या वळणावर नेऊन उभं केलं होतं आणि जे घडलं ते पहिल्यांदाच न लपवता सांगितलं होतं. त्याने पोरीच्या गळ्याची शपथ घेतली. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चालल्यात म्हणून हाताने झाडायला लागला, मेलेल्या वडिलांशी बोलायला लागला. घरच्यांनी ओळखलं ते असं, की बाहेरचं लागलंय, देवऋषाकडे न्यायला हवं. बाईंनी मला फोन केला. मी म्हटलं, एक मिनिट न दवडता १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की असं होऊ शकतं. थरथर पहिल्या दिवसात सुरू होते, दोन दिवसांच्या आत फीट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होतो. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. "मनात आणलं तर सुटते" हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटलं जातं, पण जुन्या पिणाऱ्याच्या बाबतीत ते घातक आहे. त्याला ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार विभागात नेलं. शांत करणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली, भ्रम उतरला. पुढे व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्राला एवढं तरी ठाऊक झालं आहे, की व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. गावात मात्र अजून तो "वाया गेलेला" आणि त्याची बायको "नशिबाची फुटकी".

राहिला ट्रॅक्टरचा मालक. त्याला बोलावून घेतलं. सरळ माणूस, पण त्याचं म्हणणं एकच: "हंगामात ड्रायव्हर मिळत न्हाईत मॅडम, पितो हे सगळ्यांना म्हाईत आहे." मी त्याला कलम १८८ सांगितलं. पिऊन गाडी चालवायला जो साथ देतो, त्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. शिवाय ड्रायव्हर प्यायलेला निघाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पण त्याचा चेहरा बदलला तो बोलण्यात हायस्कूलचं वळण आलं तेव्हा. त्याची नात तिथे सहावीत आहे. त्याने तळावर दोन ड्रायव्हर पाळीने ठेवायचं कबूल केलं आणि ट्रॉल्यांना मागून लाल दिवे बसवून घेतले.

बचत गटाच्या बायांचं पुढे वेगळंच सुरू झालं. स्टँडजवळचं दुकान बंद करायचं, आडवी बाटली करायची. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या झाल्या की मतदान मागता येतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीला मत देतात तेव्हा दुकान बंद होतं. माझा त्यांना पाठिंबा आहे, स्टँडवरची गर्दी हटली तरी त्या कॉलेजच्या मुलीची वाट मोकळी होईल. पण दुकान गेल्यावर हातभट्टी आली तर काय होतं तेही मी त्यांच्यापुढे ठेवलं. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथे २०१६ पासून मुक्तिपथ अभियानातून गावोगावच्या संघटना आणि उपचार यांची जोड द्यावी लागली. बायांना ते पटलं. सह्यांच्या कागदाबरोबर आता त्या ग्रामपंचायतीकडे महिन्यातून एकदा व्यसनमुक्तीचं शिबिर मागत आहेत.

तो बरा झाला का, असं विचाराल. गावच्या जत्रेत तो पुन्हा प्यायला. असं होतं, त्याने उपचार वाया जात नाहीत. फरक इतका, की त्या रात्री मोटारसायकलची किल्ली दिराकडे होती. तो आरडाओरडा करत पाराशी आला तेव्हा शेजाऱ्यांनीच ११२ ला फोन केला, आणि बाई पोरीला घेऊन सासूबाईंच्या खोलीत कडी लावून बसल्या होत्या. पोलीस आले, त्याला घेऊन गेले, गुन्हा नोंदला, सकाळी सोडलं. घर मोडलं नाही. दोन दिवसांनी तो दिराबरोबर स्वतः दवाखान्यात गेला.

ज्यांच्या घरी आज हेच चाललं आहे त्यांनी व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ वर आणि मनावर ताण असह्य झाला तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करावा, दोन्ही फुकट आहेत. शेजाऱ्यांनी ११२ ला फोन करताना घरच्यांची परवानगी मागत बसू नये.

परवा मालकाचा फोन आला होता. येत्या हंगामाची जुळवाजुळव सुरू झाली आहे, त्याला घेऊ का विचारत होता. मी म्हटलं, डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर स्टेअरिंगवर नको, शेतात पाणी पाजायला ठेवा आणि पगार बाईंच्या खात्यात भरा. दुसऱ्या अटीला बाईंच्या नवऱ्याने स्वतः, शुद्धीवर, सही करून संमती दिली आहे.